मेल येतात, पण जात नाहीत: फोन नेमका कुठे अडतो?

फोनवर दिवसभर मेल येत असतात. बँकेचे, ऑफिसचे, जाहिरातींचे. पण आपल्याला एखादा अर्ज किंवा बिल पाठवायचं असलं की मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. मग फोन बंद करून चालू करणं, वायफाय तोडून पुन्हा जोडणं, तोच मेल परत परत पाठवून बघणं सुरू होतं. इंटरनेट तर चालू आहे, नवे मेलही येतायत. मग जाणाराच का अडावा?

याचं कारण समजायला अवघड नाही, पण फोनच्या स्क्रीनवर ते कुठेच लिहिलेलं नसतं. ते माहीत नसल्यामुळे लोक भलत्याच जागी दुरुस्ती करत बसतात. काही जण वैतागून अख्खं अकाउंट फोनमधून काढून टाकतात आणि त्यात जुने मेल गमावतात. हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून जरा मुळापासून बघू.

## येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी

नळाला पाणी येतंय, त्या अर्थी मोरी तुंबलेली नसणार, असं कुणी म्हणणार नाही. पाणी आणणारा पाइप वेगळा आणि वाहून नेणारा वेगळा. ईमेलचंही अगदी तसंच आहे. येणारे मेल फोन एका सर्व्हरकडून उचलतो आणि जाणारे मेल दुसऱ्या सर्व्हरच्या हवाली करतो. सर्व्हर म्हणजे मेल कंपनीचा चोवीस तास चालू असलेला संगणक. या दोन सर्व्हरचे पत्ते वेगळे, सेटिंग वेगळी, आणि फोनमध्ये दोघांसाठी युजरनेम-पासवर्डही वेगवेगळ्या ठिकाणी साठवलेले असतात. त्यामुळे मेल येतायत यावरून जाणारी बाजू ठीक आहे असं काहीच सिद्ध होत नाही.

मेल पाठवण्याच्या नियमांना एसएमटीपी म्हणतात. सेटिंगमध्ये हा शब्द दिसला की समजायचं, हा जाणाऱ्या मेलचा भाग आहे. आयमॅप किंवा पॉप असं लिहिलेलं असेल, तर तो येणाऱ्या मेलचा. एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्या काळी नेटवर्कवर मोजकेच संगणक होते आणि बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे. त्यामुळे मेल द्यायला आलेला माणूस कोण, हे तपासायची सोयच त्या नियमांत नव्हती. पुढे नको असलेल्या मेलचा सुळसुळाट झाला आणि १९९९ मध्ये पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची पद्धत त्याला जोडण्यात आली. आज जाणारा मेल अडतो तो बऱ्याचदा या नंतर जोडलेल्या तपासणीतच.

एक फरक मात्र आधीच लक्षात घ्यायला हवा. जीमेलचं अकाउंट जीमेलच्याच ॲपमध्ये असेल, किंवा आउटलुकचं आउटलुकच्या ॲपमध्ये, तर हे दोन सर्व्हर तुम्हाला दिसतही नाहीत. कंपनीचं ॲप सगळं आतल्या आत सांभाळतं. तिथे मेल अडला तर दोष सहसा फोनच्या परवानग्यांत, भरलेल्या जागेत किंवा जड फाइलमध्ये सापडतो. याउलट ऑफिसचं, कॉलेजचं किंवा स्वतःच्या डोमेनचं (म्हणजे पत्त्यात @ नंतर येणारं नाव स्वतःचं असलेलं) अकाउंट फोनमध्ये हाताने सेटिंग भरून जोडलेलं असेल, तर पुढचे दोन भाग खास तुमच्यासाठी आहेत.

## 'समोरच्याचा पत्ता नाकारला' असं फोन सांगतो, तेव्हा

आयफोनवर मेल अडला की इंग्रजीत एक निरोप येतो. त्याचा अर्थ साधारण असा: 'मेल पाठवता येत नाही. अमुक पत्ता सर्व्हरने नाकारला, कारण तो सर्व्हर रिले करू देत नाही.' निरोपात ज्याला मेल पाठवायचा त्याचा पत्ता ठळक दिसतो. साहजिकच आपण तो पत्ता अक्षरन् अक्षर तपासतो, समोरच्याला फोन करून खात्री करून घेतो. पत्ता तर बरोबर असतो.

खरी मेख 'रिले' या शब्दात आहे. रिले म्हणजे दुसऱ्याचा मेल पुढे पोहोचवणं. सर्व्हरचं म्हणणं एवढंच असतं: 'तुम्ही कोण हे मला माहीत नाही. अनोळखी माणसाचा मेल मी बाहेर नेणार नाही.' म्हणजे नाकारलेले तुम्ही आहात, समोरचा नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरला तुमचं युजरनेम आणि पासवर्ड मिळालेलंच नाही, किंवा चुकीचं मिळालं आहे.

ते का मिळत नाही, हे आयफोनमध्ये अकाउंट जोडताना उघडणाऱ्या पानावरच कळतं. वर येणाऱ्या मेलच्या सर्व्हरसाठी तीन रकाने असतात: सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड. खाली जाणाऱ्या मेलसाठी तसेच तीन. पण खालच्या युजरनेम आणि पासवर्डच्या रकान्यांत फिकट अक्षरांत 'ऑप्शनल' लिहिलेलं असतं, म्हणजे भरलं तर भरा. तो शब्द वाचून माणूस ते रकाने रिकामे सोडतो. प्रत्यक्षात आजचा जवळपास प्रत्येक मेल सर्व्हर ही माहिती मागतोच. काही फोनवर तर घरच्या वायफायवर मेल जातो आणि बाहेर पडलं की अडतो, कारण इंटरनेट आणि मेल एकाच कंपनीचं असेल तर तिचा सर्व्हर आपल्या नेटवर्कमधल्या ग्राहकाला ओळख न विचारता सोडत असतो.

हे दुरुस्त करायला आयफोनच्या सेटिंगमध्ये ॲप्स, मग मेल, मग मेल अकाउंट्स असं जायचं (जुन्या आवृत्तीत सेटिंगमधून थेट मेलवर), आपलं अकाउंट उघडायचं आणि एसएमटीपी या ओळीवर टॅप करायचं. मुख्य सर्व्हर उघडला की ते दोन रकाने दिसतील. युजरनेम म्हणून बहुतेक ठिकाणी पूर्ण ईमेल पत्ता लागतो, नुसतं सुरुवातीचं नाव चालत नाही. अँड्रॉइडवर जीमेल ॲपमध्ये असं बाहेरचं अकाउंट जोडलेलं असेल, तर त्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये सगळ्यात खालच्या बाजूला 'आउटगोइंग सेटिंग्ज' सापडतं. तिथे 'रिक्वायर साइन-इन' चालू आहे ना, हे आधी बघा.

पासवर्ड बदलल्यावरही हाच गोंधळ होतो. तुम्ही संगणकावर पासवर्ड बदलता. फोन येणाऱ्या मेलसाठी नवा पासवर्ड मागतो, तुम्ही देता, मेल यायला लागतात. पण जाणाऱ्या बाजूच्या रकान्यात जुनाच पासवर्ड पडून असतो. तो तिथे आहे याची आठवणही राहत नाही.

## "पासवर्ड बरोबरच आहे, कालपर्यंत चालत होता"

हे खरंही असू शकतं. पासवर्ड बरोबर असूनही तो आता चालत नसेल, अशी शक्यता आहे, कारण मोठ्या कंपन्यांनी नियमच बदलले. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक अकाउंटसाठी, नुसतं युजरनेम-पासवर्ड देऊन बाहेरच्या ॲपला आत घेणं बंद करायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक आउटलुक अकाउंटसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तसंच केलं. निर्णय योग्य होता असं माझं मत आहे. चोरलेला पासवर्ड कुठल्याही ॲपमध्ये टाकून कुणीही तुमच्या नावाने मेल पाठवू शकत होता, तो रस्ता त्याने बंद झाला. पण ज्यांनी वर्षानुवर्षं जुनं ॲप वापरलं, त्यांना कुणी नीट समजावून सांगितलं नाही, आणि 'चुकीचा पासवर्ड' एवढंच वाचून ते तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहिले.

आता दोन मार्ग आहेत. चांगला मार्ग म्हणजे अकाउंट जोडताना 'इतर' न निवडता थेट गूगल किंवा आउटलुक निवडायचं. मग कंपनीचं स्वतःचं लॉग-इनचं पान उघडतं, पासवर्ड तुम्ही तिथे देता, आणि ॲपला पासवर्ड न कळता नुसती परवानगी मिळते. दुसरा मार्ग जुन्या ॲपसाठी: गूगलच्या अकाउंटमध्ये दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 'ॲप पासवर्ड' बनवायचा. तो १६ अक्षरांचा असतो आणि नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकायचा असतो. मुख्य पासवर्ड बदललात की जुने ॲप पासवर्ड रद्द होतात, हेही ध्यानात ठेवा. मायक्रोसॉफ्टच्या वैयक्तिक अकाउंटला मात्र पहिलाच मार्ग धरावा.

## वायफायवर जातो, मोबाइल डेटावर अडतो

सर्व्हरशी बोलायला फोन एका ठरावीक क्रमांकाची जोडणी वापरतो. तिला पोर्ट म्हणतात. जाणाऱ्या मेलसाठी तीन क्रमांक कानावर येतात: २५, ४६५ आणि ५८७. यातला २५ सगळ्यात जुना. विषाणू शिरलेले संगणक याच पोर्टवरून लाखो मेल सोडायला लागले, तेव्हा इंटरनेट पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी तो ग्राहकांसाठी बंद केला. त्यामुळे फोनमध्ये २५ लिहिलेला असेल, तर एका नेटवर्कवर मेल जाईल आणि दुसऱ्यावर नुसतं चक्र फिरत राहील.

इलाज सोपा आहे. पोर्ट ४६५ ठेवा आणि सुरक्षेच्या पर्यायात एसएसएल किंवा टीएलएस (ही जोडणी कुलूपबंद करण्याच्या पद्धतींची नावं) निवडा. किंवा ५८७ ठेवा आणि स्टार्ट-टीएलएस निवडा. जोडी जुळली पाहिजे. ४६५ वर जोडणी पहिल्या क्षणापासून कुलूपबंद असते, ५८७ वर ती उघडी सुरू होऊन मग कुलूपबंद होते. पर्याय उलटसुलट झाले तर दोघांचं बोलणंच सुरू होत नाही.

ऑफिसच्या किंवा हॉटेलच्या वायफायवर उलटं घडतं: मोबाइल डेटावर मेल जातो आणि त्या वायफायवर अडतो. अशा वायफायवर आधी ब्राउझर उघडून बघा. अनेक ठिकाणी लॉग-इनचं पान भरल्याशिवाय पुढचं काहीच चालत नाही, आणि ते पान मेलच्या ॲपला दाखवता येत नाही. व्हीपीएन (आपलं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय) चालू असेल तर तेही थोडा वेळ बंद करून बघा.

## फोनच मेल धरून ठेवतो

जीमेलच्या ॲपमध्ये मेलसमोर 'क्यूड' (म्हणजे रांगेत) असं दिसलं, तर तो अजून फोनमधून बाहेरच पडलेला नाही. अकाउंटचं सिंक, म्हणजे फोन आणि सर्व्हर यांच्यातली आपोआप देवाणघेवाण, बंद असेल, डेटा सेव्हर चालू असेल किंवा बॅटरी वाचवण्यासाठी फोनने ॲपला मागे काम करायला मनाई केली असेल, तर असं होतं. ॲपच्या माहितीच्या पानावर जाऊन बॅकग्राउंड डेटाची परवानगी द्या आणि सिंक चालू करा.

जागा भरली की तोच प्रकार. गूगलच्या मोफत अकाउंटला मिळणारी १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटली जाते. फोटोंनी ती भरली, तरी मेल पाठवणं आणि मिळणं दोन्ही बंद होतं. दिवसाला ५०० पेक्षा जास्त मेल पाठवले, किंवा एकाच मेलमध्ये ५०० हून जास्त जणांना घातलं, तरी जीमेल तुम्हाला काही तास, जास्तीत जास्त २४ तास, थांबवून ठेवतं. आमंत्रणं पाठवणाऱ्यांना हे हटकून भोवतं.

आणि फोनची तारीख बघा. सर्व्हर आपली ओळख पटवायला एक डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो, त्याला मुदत असते. फोनमधली तारीख मागे-पुढे झाली असेल तर फोनला ते प्रमाणपत्र मुदतीबाहेरचं वाटतं आणि तो जोडणी तोडतो. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवली की झालं.

## २० एमबीची फाइल २५ एमबीत का मावत नाही?

हा प्रश्न फार रास्त आहे. ईमेल मुळात फक्त साध्या इंग्रजी मजकुरासाठी तयार झाला. फोटो, पीडीएफ, आवाज पाठवायची पद्धत १९९२ च्या सुमारास ठरली, आणि तिने जुन्या सर्व्हरना धक्का लागू नये म्हणून एक तोडगा काढला: फाइल मजकुरासारखी दिसेल अशा अक्षरांत बदलायची. या बदलात दर तीन बाइटचे (बाइट म्हणजे फाइलचा आकार मोजायचं छोटं एकक) चार बाइट होतात. म्हणजे मेलमधून निघताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीची फाइल सुमारे २७ एमबी होते, आणि २५ एमबीची मर्यादा ठेवणारा सर्व्हर ती परत पाठवतो. मर्यादा मोजताना समोरच्याचा सर्व्हरही विचारात घ्यावा लागतो. तुमच्याकडून निघाली म्हणून त्याच्याकडे मावेलच असं नाही.

म्हणून जड फाइल लिंक करून पाठवणं बरं. ड्राइव्हवर ठेवून लिंक द्या. आयक्लाउडच्या मेलमध्ये मेल ड्रॉप ही सोय आहे, ती ५ जीबीपर्यंतची फाइल ३० दिवस ठेवते. फोटो असतील तर पाठवताना आकार लहान करण्याचा पर्याय घ्या. कागदपत्राचा फोटो मध्यम आकारातही स्वच्छ वाचता येतो.

असा एक जड मेल आउटबॉक्समध्ये अडकला, की काही ॲपमध्ये त्याच्या मागचे सगळे हलके मेलही खोळंबतात. तो पुसायला गेलं तर 'पाठवणं चालू आहे' म्हणून पुसू देत नाही. अशा वेळी फोन फ्लाइट मोडवर टाका. ॲपचा प्रयत्न थांबतो, मेल उघडता येतो, फाइल काढता येते.

## 'सेंट'मध्ये दिसतो, पण समोरच्याला मिळालाच नाही

'सेंट'मध्ये मेल दिसला याचा अर्थ तुमच्या सर्व्हरने तो स्वीकारला, एवढाच. पुढचा प्रवास तुमच्या सर्व्हरकडून समोरच्याच्या सर्व्हरकडे होतो आणि तिथे अडला तर 'मेलर डेमन' किंवा 'मेल डिलिव्हरी सबसिस्टम' अशा नावाने परतीचा मेल येतो. लोक तो न वाचताच पुसतात. कृपा करून वाचा, उत्तर त्यातच असतं.

त्यात तीन अंकी क्रमांक शोधा. ४ ने सुरू होणारा असेल तर अडचण तात्पुरती आहे. सर्व्हर स्वतःच पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, नियमांप्रमाणे चार-पाच दिवसही. तुम्ही काही करायची गरज नाही, विशेषतः तोच मेल पुन्हा पाठवू नका. ५ ने सुरू होणारा असेल तर नकार कायमचा आहे आणि काहीतरी बदलल्याशिवाय मेल जाणार नाही. त्याच्या शेजारी टिंबांनी तोडलेला आणखी एक क्रमांक असतो. ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. बहुधा @ च्या आधीच्या नावात एखादं अक्षर चुकलंय. ५.२.२ म्हणजे समोरच्याची पेटी भरली आहे, त्याला फोन करून सांगा. ५.७ ने सुरू होणारे क्रमांक परवानगी आणि विश्वासाचे असतात.

या शेवटच्या प्रकारात स्वतःच्या किंवा कंपनीच्या डोमेनचा पत्ता वापरणारे सापडतात. आपल्या नावाने मेल पाठवायला कोणते सर्व्हर पात्र आहेत, याची यादी डोमेनचा मालक जाहीर करतो. आयफोनमध्ये दोन-तीन अकाउंट असतील आणि एकाचा सर्व्हर अडला, तर फोन आपणहून दुसऱ्या अकाउंटच्या सर्व्हरवरून मेल पाठवून बघतो. मेल निघतो खरा, पण तो सर्व्हर त्या यादीत नसतो, आणि समोरचा सर्व्हर त्याला तोतया समजून स्पॅममध्ये टाकतो किंवा परत पाठवतो. गूगल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ पासून ही तपासणी कडक केली. म्हणून एसएमटीपीच्या पानावर 'इतर सर्व्हर' बंद ठेवलेले बरे.

## अकाउंट काढून परत जोडलं तर सगळं ठीक होईल ना?

कधी कधी होतं. पण आधी बघा, अकाउंट आयमॅपचं आहे की पॉपचं. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात, त्यामुळे काढून जोडलं तरी परत येतात. पॉपमध्ये ते फोनवर उतरवून घेऊन सर्व्हरवरून पुसलेले असू शकतात. अकाउंट काढलं की ते गेले, कायमचे. शिवाय दोन्ही प्रकारांत आउटबॉक्समध्ये अडकलेला मेल पुसला जातोच. त्याचा मजकूर आधी दुसरीकडे कॉपी करून ठेवा.

काढायच्या आधी एक चाचणी कराच. फोनच्या ब्राउझरमध्ये मेल कंपनीची वेबसाइट उघडा, लॉग-इन करा आणि स्वतःलाच दोन शब्दांचा, फाइल न जोडलेला मेल पाठवा. तिथून गेला तर तुमचं अकाउंट ठणठणीत आहे, दोष फोनमधल्या सेटिंगचा. तिथूनही गेला नाही, तर फोनमध्ये काहीही बदलून उपयोग नाही. आणि घाईचा मेल असेल तर तो याच मार्गाने पाठवून टाका, दुरुस्ती मागाहून करता येते.

## मदत मागताना

मेल अडल्यावर लोक घाबरलेले असतात आणि भामटे त्याचीच वाट बघत असतात. 'तुमचे मेल अडकले आहेत, सोडवण्यासाठी इथे लॉग-इन करा' असा मेल आला, तर त्यातली लिंक उघडू नका. खरे अडकलेले मेल तुमच्या आउटबॉक्समध्ये दिसतात, त्यासाठी लिंक लागत नाही. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'कस्टमर केअर' क्रमांकावर फोन करून पासवर्ड, ओटीपी किंवा फोनचा ताबा देणं तर त्याहून धोक्याचं. मदत मेल कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून किंवा ऑफिसच्या आयटी विभागाकडूनच घ्या.

त्यांच्याशी बोलताना 'मेल जात नाही' एवढंच सांगितलं, तर तेही अंदाजच करत बसतील. अडकल्याच्या निरोपाचा स्क्रीनशॉट, परतीच्या मेलमधला क्रमांक, मेल आउटबॉक्समध्ये आहे की सेंटमध्ये, ब्राउझरमधून जातो का, आणि वायफाय व मोबाइल डेटा दोन्हीवर अडतो की एकावर, एवढी माहिती द्या. स्क्रीनशॉटमध्ये पासवर्ड उघडा दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी तपासा.